मदत हवी आहे: मार्टिन एक्सबी-51 चं आरसी (रिमोटवर उडणारं) मॉडेल, पंखाचं गणित सुटत नाहीये

नमस्कार मंडळी, मार्टिनच्या एक्सबी-51 चं उडणारं मॉडेल करायला घेतलंय आणि पंखापाशी येऊन गाडी अडलीय. ज्यांना हे विमान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, अमेरिकेचं जेट बॉम्बर, पहिलं उड्डाण ऑक्टोबर 1949, दोनच बनली आणि दोन्ही पडली, एक 1952 ला आणि दुसरं 1956 ला. 1951 च्या चाचणीत ब्रिटिश कॅनबेराने याला मागे टाकलं. वेगात हे कॅनबेराला भारी होतं, खाली समुद्रसपाटीजवळ ताशी हजार किमीच्या वर, पण लक्ष्यावर घिरट्या घालत थांबायची वेळ आली की इंधन पुरायचं नाही, आणि 3.67 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 3.67 पट जोर) च्या वर वळवायचं नाही अशी मर्यादा. गंमत बघा, कॅनबेरा अमेरिकेत बनवायचं काम शेवटी मार्टिनलाच मिळालं (बी-57) आणि त्यांनी एक्सबी-51 चा फिरता बॉम्ब-बे (पोटातला बॉम्बचा कप्पा) उचलून त्यात घातला! आपल्या हवाई दलाची कॅनबेरा 2007 पर्यंत उडत होती म्हणून तिचे प्लॅन कुणाकडेही मिळतात, याचं मात्र सगळं फोटो बघून चाललंय.

आता अडचण. स्केल 1/18 धरलाय, म्हणजे पंखांचा पसारा 90 सेंमी आणि लांबी 1 मीटर 44 सेंमी, नुसती काठी! चाकं पोटाखाली सायकलसारखी एकामागे एक आणि पंखांच्या टोकांना आधाराला बारकी चाकं. मागची चाकं सीजीच्या (वजनाच्या मध्यबिंदूच्या) बरीच मागे येतात त्यामुळे एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी) कितीही ओढला तरी नाक वर येणार नाही. खऱ्या विमानात म्हणूनच अख्खा पंख कलता ठेवला होता, टेकऑफ-लँडिंगला पुढची कड वर. मी ते सर्वोने (रिमोटवर हलणाऱ्या छोट्या मोटरने) करून बघितलं तर बिजागरीपाशी खेळ राहतो, हाताने हलवलं तरी कटकट आवाज येतो, हवेत काय होईल देव जाणे. पंख फिक्स केला तर किती डिग्री ठेवू?

दुसरं म्हणजे इंजिनं तीन, दोन नाकाखाली बाहेर लटकलेली आणि तिसरं शेपटीत, त्याची हवा वरून उभ्या पंखाच्या बुडाशी आत जाते. शेपटीत इडीएफ (जेटऐवजी नळीत बसवलेला विजेवरचा फॅन) बसवला की बॅलन्स बोंबलतो, नाही बसवला तर मजा काय?

प्रतिसाद:
दादा, सर्वोचा नाद सोडा. बी-52 ला पण चाकं अशीच पुढेमागे आहेत आणि पंख मुळातच चढत्या कोनात फिक्स बसवलेला आहे, म्हणून ते नाक न उचलता सपाटच वर जातं. तुम्ही साधारण 4 डिग्री ठेवा आणि शिवाय पुढचा पाय थोडा उंच करा, जमिनीवर उभं असतानाच नाक 2-3 डिग्री वर दिसलं पाहिजे. शेपटीत नुसतं भोक आणि आत काळा रंग. पुढच्या दोन इडीएफचा जोर सीजीच्या खालून येतो, थ्रॉटल दिला की नाक वर जाईल, त्यासाठी थोडा एलेव्हेटर मिक्स करा (थ्रॉटलबरोबर आपोआप हलेल असा जोडा). रोलसाठी (डावी-उजवीकडे कलायला) स्पॉयलर (पंखावर वर उचलणाऱ्या पट्ट्या) करणार आहात का?

खऱ्यात स्पॉयलरच होते, म्हणून तेच ठेवायचा विचार होता.

प्रतिसाद:
नका हो! एवढ्या छोट्या पंखावर स्पॉयलरला उत्तर उशिरा मिळतं, त्यात 35 डिग्री मागे वळलेला पंख आणि टोकं 6 डिग्री खाली. सरळ मोठे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) कापा, लांबून कुणाला दिसतायत. आणि ती टोकाची चाकं गवतात अडकून विमान गर्रकन फिरवतात, पहिली दोन-तीन उड्डाणं डांबरावरच करा.

बरं, एलेरॉन करतो. पण मग टोकाच्या चाकांना वायर किती जाडीची घेऊ, 1 मिमी वाकेल का?