पूर्व जर्मनी: बंदी जाण्याची होती, की परत येण्याची?

गॉगलवाली
लेकीकडे बर्लिनला महिनाभर राहून आले. एका दुपारी ट्राम बॉर्नहोल्मर रस्त्यावरच्या पुलावरून गेली. खाली रेल्वेचे रूळ, कडेला जपानहून भेट आलेली चेरीची झाडं. ९ नोव्हेंबर १९८९च्या रात्री पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधल्या भिंतीचं इथलंच फाटक सताड उघडलं होतं.

शाबोव्स्कीचा किस्सा बहुतेकांना माहीत असेल. पूर्व जर्मनीतल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचा हा प्रवक्ता संध्याकाळी पत्रकारांसमोर नवे प्रवासनियम वाचत होता. कधीपासून लागू, असं कुणीतरी विचारलं. याने कागद चाळले आणि "माझ्या माहितीप्रमाणे लगेच" असं ठोकून दिलं. खरं तर ते दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते, तेही रीतसर अर्ज करून. पण लोक तासाभरात पुलावर हजर.

मला भिडला तो त्यापुढचा भाग. ड्यूटीवर हाराल्ड येगर नावाचा अधिकारी होता. गर्दी वाढली तसा वरून आदेश आला: जे फार आरडाओरडा करताहेत त्यांना सोडा, पण ओळखपत्रावरच्या फोटोवरच शिक्का मारा. फोटोवर शिक्का, म्हणजे या माणसाला पुन्हा आत घ्यायचं नाही. हे त्या माणसांना कुणी सांगितलंही नाही! हसतखिदळत गेली बिचारी. थोड्या वेळाने एक तरुण जोडपं परत आलं. पलीकडे नुसतं डोकावून आले होते, घरी मुलं झोपलेली. पहारेकरी म्हणाला, तुम्हाला आता येता येणार नाही. बाई रडकुंडीला आली. शेवटी येगरने त्यांना आत घेतलं, आणि मग साडेअकराच्या सुमारास सगळ्यांनाच वाट मोकळी केली.

माझं म्हणणं असं की त्या रात्री आधी मोडला तो परतीचा नियम. त्या सरकारची खरी दहशत तीच होती. कवी-गायक वोल्फ बीरमान १९५३मध्ये हँबर्गहून स्वखुशीने पूर्वेत राहायला आलेला. १९७६मध्ये त्याला कोलोनला कार्यक्रमासाठी जाऊ दिलं आणि तो तिकडे असतानाच नागरिकत्व काढून घेतलं. बाहेर जा, आणि बाहेरच राहा.

साडेतीन_टक्के
छान लिहिलंय, पण असहमत. बीरमान एक. १९४९ ते ६१ या काळात पूर्वेतून सुमारे २७ लाख लोक निघून गेले. जुलै १९६१च्या एका महिन्यात तीस हजार! डॉक्टर, इंजिनिअर, कुशल कामगार, तेही ऐन उमेदीतले. यातल्या कुणाला परत यायचं होतं? भिंत त्यांना अडवायला बांधली. परतीची दहशत वगैरे नंतरचं.

तिखटमीठ
मी आता शिव्या खाणार, पण लिहितोच. सरकारी खर्चाने डॉक्टर करायचं आणि त्याने पदवी खिशात घालून पलीकडच्या गल्लीत दुप्पट पगारावर जायचं, तर सरकारने टाळ्या वाजवायच्या का? आपल्याकडेही सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर बाँड असतोच की.

पाणकोंबडी
@तिखटमीठ, बाँड आणि बंदुकीत फरक आहे हो. बाँड मोडला तर दंड भरून सुटता.

तिखटमीठ
दंड तिथेही होताच, फक्त तो पश्चिम जर्मनी भरायची. १९६३पासून तेहतीस हजारांहून जास्त राजकीय कैदी पैसे मोजून सोडवून नेले त्यांनी. माणसं विकून परकीय चलन! हे मात्र मलाही पचत नाही.

गॉगलवाली
@साडेतीन_टक्के, भिंत का बांधली यावर वाद नाहीच. मी त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांबद्दल बोलतेय. १९६४पासून पेन्शनरांना पश्चिमेला नातेवाइकांकडे जाता येत होतं. (सरकारचा हिशोब उघड: म्हातारा तिकडेच राहिला तर पेन्शन वाचलं.) पुढे लग्न, मयत अशा कारणांसाठी तरुणांनाही सोडू लागले. १९८७मध्ये पेन्शनच्या वयाखालच्या लोकांच्या अशा दहा लाखांवर फेऱ्या झाल्या, आणि जवळपास सगळे परत आले. येता येईल याची खात्री असली की माणूस येतो.

साडेतीन_टक्के
अहो ताई, येतो कारण बायकोपोरं इकडे अडकवून ठेवलेली! मावशीच्या साठीला नवऱ्याला एकट्याला सोडायचे, सहकुटुंब नाही. गाय चरायला सोडली तरी संध्याकाळी वासरासाठी गोठ्यात येतेच, त्याला खात्री म्हणायची का?

पाणकोंबडी
वासराचा मुद्दा बिनतोड. शिवाय पैशाचं कुणी बोललंच नाही. ६ नोव्हेंबरला, म्हणजे भिंत उघडायच्या तीन दिवस आधी, सरकारने प्रवास कायद्याचा मसुदा छापला: वर्षाला तीस दिवस परदेशी जा. पण हातात पश्चिमेचे पंधरा मार्क. तीस दिवसांत जग फिरा, पैशाचं नाव काढू नका, अशी रस्त्यावर टिंगल झाली त्याची.

आणि आपणही फार नाक वर करायला नको. १९६७पर्यंत भारतात पासपोर्ट देणं न देणं ही सरकारची मर्जी होती. सुप्रीम कोर्टाने परदेशी जाणं हा हक्क ठरवला तेव्हा कुठे पासपोर्ट कायदा आला.

तिखटमीठ
पण आपल्याला परत यायला कुणी अडवलं नव्हतं.

गॉगलवाली
तेच तर म्हणतेय मघापासून!

साडेतीन_टक्के
एवढ्यात खूश होऊ नका. तुमचं खरं असतं तर भिंत उघडल्यावर, जा-ये मोकळी झाल्यावर, गळती थांबायला हवी होती. थांबली नाही. १९८९मध्ये एकूण तीन लाखांवर लोक गेले आणि १९९०च्या सुरुवातीलाही रोज जातच होते. दवाखान्यांत नर्स मिळेनात. तेव्हाची घोषणाच होती: मार्क इकडे आला तर आम्ही राहू, नाही आला तर आम्ही त्याच्याकडे जाऊ. १ जुलै १९९०ला पश्चिमेचा मार्क पूर्वेत आणावा लागला तो यामुळे. लोकांना पगार हवा होता, परतीचं तिकीट नव्हे.

गॉगलवाली
नर्सांचं मान्य. घोषणा मात्र पुन्हा एकदा वाचा. 'राहू' आधी आहे, 'जाऊ' नंतर.