बंद नळीतली साखर कमी कशी होते?

प्रश्न : बी.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, सोलापूर

मे महिन्यात मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावी घरीच वडिलांचे उपाशीपोटी रक्त घेतले, आणि तो नमुना उन्हातून सोलापूरला पोहोचून तपासला जाईपर्यंत सुमारे चार तास गेले. साखर 98 आली. दुसऱ्या दिवशी इथे येऊन रक्त देऊन लगेच तपासले, तेव्हा ती 127 निघाली. विचारल्यावर ‘नळीतल्या पेशींनी साखर खाल्ली’ एवढेच उत्तर मिळाले. झाकण लावलेल्या नळीत, फुप्फुसांकडून नवा ऑक्सिजन मिळत नसताना, हे कसे घडते? शिवाय ऊर्जा मिळवायला निघालेली पेशी सुरुवातीलाच दोन एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) का खर्च करते, हेही मला अद्याप उमगलेले नाही.

उत्तर : जीवशास्त्राचे अध्यापक

आपल्याला मिळालेले उत्तर अपुरे असले तरी खोटे नाही. परिपक्व तांबड्या रक्तपेशीत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे पेशीतले घटक) नसतात. ती आयुष्यभर ऑक्सिजन वाहते, परंतु स्वतःच्या ऊर्जेसाठी तो वापरू शकत नाही. तिचा सारा निर्वाह पेशीद्रव्यात चालणाऱ्या ग्लुकोज-विघटनावर असतो आणि त्याच्या दहा पायऱ्यांपैकी एकीलाही ऑक्सिजन लागत नाही.

आता दोन एटीपींविषयी. पहिल्या पायरीवर हेक्झोकायनेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोजला फॉस्फेट जोडते. फॉस्फेट विद्युतभारित असल्यामुळे तो रेणू पेशीपटलातून परत बाहेर जाऊ शकत नाही. आत आलेली साखर आतच अडकते. तिसऱ्या पायरीवर दुसरा फॉस्फेट जोडला गेला की सहा कार्बनांच्या रेणूचे तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे होण्याची तयारी होते आणि पुढे प्रत्येक तुकड्यातून दोन, म्हणजे एकूण चार एटीपी मिळतात. खर्च वजा जाता हाती दोनच उरतात. तंतुकणिका असलेली पेशी त्याच ग्लुकोजपासून साधारण 30 ते 32 एटीपी मिळवते, त्यामुळे तांबड्या पेशीला साखर सतत लागणारच. फॉस्फेटचे हे महत्त्व विसाव्या शतकाच्या आरंभी आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना यीस्टच्या रसात दिसले होते. फॉस्फेट घालताच मंदावलेले किण्वन (साखर आंबण्याची क्रिया) पुन्हा वेग घेई.

विद्यार्थ्यांकडून हमखास निसटणारी बाब मात्र निराळीच आहे. सहाव्या पायरीवर एनएडी (इलेक्ट्रॉन स्वीकारणारे सहविकर) लागते आणि इलेक्ट्रॉन घेऊन तिचे एनएडीएच होते. पेशीत एनएडीचा साठा तुटपुंजा असतो, म्हणून ती परत मिळाली नाही तर सारी साखळी थांबेल. दहाव्या पायरीअखेर तयार झालेल्या पायरुविक आम्लाचे लॅक्टिक आम्ल होताना नेमकी हीच परतफेड होते. त्या पायरीवर एकही एटीपी मिळत नाही, पण तिच्याविना पुढचा ग्लुकोज मोडता येणार नाही. आपल्या वडिलांच्या नमुन्यातही चार तास हेच चालू होते.

उत्तर : रक्त तपासणी प्रयोगशाळेत काम करणारी

पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तात सामान्य तापमानाला साखर ताशी सुमारे 5 ते 7 टक्के घटते, आणि उष्णतेत विकरे अधिक वेगाने काम करतात. ताशी 6 टक्के धरले तरी 127 ची चार तासांत 99 च्या आसपास होते. साखर दिवसागणिक थोडी बदलतेच, तरीही आपले आकडे या हिशेबाशी जुळतात. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून अधिक साखर मधुमेहाकडे बोट दाखवते, तेव्हा ही घट क्षुल्लक मानता येत नाही. यासाठीच राखाडी झाकणाच्या नळीत फ्लोराइड असते. ते नवव्या पायरीवरचे इनोलेज हे विकर रोखते.

विद्यार्थिनी

ताई, अडवणूक नवव्या पायरीवर असेल तर आधीच्या पायऱ्या काही काळ चालूच राहणार ना?

प्रयोगशाळेत काम करणारी

होय, राहतात. फ्लोराइड असूनही पहिल्या तास-दोन तासांत साखर काहीशी उतरते, म्हणून नमुना लगेच बर्फात ठेवून रक्तद्रव (प्लाझ्मा) पेशींपासून लवकर वेगळा करणे अधिक भरवशाचे. काही नळ्यांत सायट्रेटही असते. त्याने नमुना आम्लधर्मी होऊन पहिल्या आणि तिसऱ्या पायरीची विकरे तत्काळ मंदावतात. गावाहून नमुना पाठवणे अटळ असेल, तर डॉक्टरांना विचारून एचबीएवनसी करून घ्यावी. त्या तपासणीत हिमोग्लोबिनला मागच्या दोन-तीन महिन्यांत चिकटलेली साखर मोजली जाते, आणि वाटेतल्या चार तासांत पेशी ती मोडत नाहीत.