सात पत्त्यांतून सर्वोत्तम हात ठरवणारा प्रोग्रॅम: तुलना आणि वेग

प्रश्न:
टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात खेळाडूचे दोन आणि टेबलावरचे पाच अशा सात पत्त्यांतून सर्वोत्तम पाच निवडणारा प्रोग्रॅम मी पायथॉनमध्ये लिहीत आहे. पाच पत्ते निवडण्याचे २१ प्रकार तपासून प्रत्येकाला जोडी, स्ट्रेट (सलग मूल्यांचे पाच पत्ते), फ्लश (एकाच रंगाचे, म्हणजे सगळे इस्पिक किंवा सगळे बदाम असे, पाच पत्ते) असा दर्जा देता येतो. परंतु दोघांकडेही दोन-दोन जोड्या असतील तर विजेता कसा ठरवावा? आणि लाखो डाव तपासायचे झाल्यास ही पद्धत पुरेशी वेगवान ठरेल का?

उत्तर १:
केवळ दर्जाचा आकडा न ठेवता त्याच्यापुढे पत्त्यांची मूल्येही जोडावीत. ज्या मूल्याचे पत्ते जास्त ते आधी आणि संख्या सारखी असल्यास मोठे मूल्य आधी, असा क्रम लावला की दोन राजे, दोन चौव्या आणि एक नव्वी या हाताची मूल्ये १३, ४, ९ अशी येतात. अशा टपलांची (क्रमाने मांडलेल्या मूल्यांच्या याद्यांची) तुलना पायथॉन डावीकडून स्वतःच करतो. इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर यांत लहानमोठे नसते, त्यामुळे सर्व मूल्ये सारखी असल्यास पैसे वाटून द्यावे लागतात.

उत्तर २:
वेगासाठी प्रत्येक हाताचे बळ आधीच नोंदवून ठेवलेला तक्ता वापरावा. पाच पत्त्यांचे २५,९८,९६० हात होतात, पण त्यांची बलाबलानुसार वेगळी मूल्ये केवळ ७,४६२ आहेत. 'कॅक्टस केव्ह' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत दुरीपासून एक्क्यापर्यंत २ ते ४१ या तेरा मूळ संख्या दिलेल्या आहेत. पाच पत्त्यांचा गुणाकार कोणत्याही क्रमाने केला तरी तोच येतो आणि वेगळ्या मूल्यांच्या हातांचा गुणाकार कधीच सारखा येत नाही, म्हणून त्या गुणाकारावरून हात तक्त्यात शोधता येतो. ही कल्पना मला फार सुंदर वाटते. फ्लश मात्र वेगळा तपासावा लागतो.

उत्तर ३:
सात पत्त्यांत आधी रंग पाहावा, कारण एकाच रंगाचे पाच पत्ते असतील तर त्यांची मूल्ये वेगवेगळी असतात आणि उरलेल्या दोन पत्त्यांनी फुल हाउस (एका मूल्याचे तीन आणि दुसऱ्या मूल्याचे दोन पत्ते) किंवा एकाच मूल्याचे चार पत्ते होणे शक्यच नसते. वेगाच्या मागे लागण्यापूर्वी मात्र पाच पत्त्यांचे सर्व हात मोजून पाहावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. फुल हाउस ३,७४४, स्ट्रेट फ्लश वगळून फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२०० यायला हव्यात. स्ट्रेट ९,१८० आल्या, तर एक्का-दुरी-तिरी-चौवी-पंजी ही सर्वांत लहान स्ट्रेट राहून गेली असण्याची शक्यता आहे. १३,२६० आल्या, तर राणी-राजा-एक्का-दुरी-तिरी यांसारखे वळसा घेणारे हातही प्रोग्रॅमने स्ट्रेट मानले असावेत.