अनुभव धागा : वाणात मिळालेला कप

यंदा संक्रांतीला सुदामानगरातल्या एका हळदीकुंकवात वाण म्हणून मेन्स्ट्रुअल कप (पाळीत आत बसवायचा, धुऊन पुन्हा वापरायचा कप) मिळाला. देणारीचा हेतू चांगलाच होता. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येतंय, कचऱ्याच्या गाडीला सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा खण आहे, म्हणून हा विषय आपल्या घरांत मोकळेपणी बोलला जातो. ते मला आवडतं. पण महिन्याभराने भिशीत तिने एकेकीला सगळ्यांसमोर विचारलं, "वापरतेस ना?" नवीन लग्न झालेली एक मुलगी हळूच म्हणाली, "मला नाही जमत." लगेच दुसरी म्हणाली, "एवढी शिकलेली ना तू?" मुलगी चिवड्याची बशी तशीच ठेवून उठली. त्याच भिशीत प्यायचं पाणी प्लास्टिकच्या छोट्या बाटल्यांतून आलं होतं. त्याबद्दल कुणीच कुणाला काही विचारलं नाही.

पाळी असो की गर्भनिरोधन, पर्यावरणाच्या नावाने तुम्हाला कुणी असं कोपऱ्यात गाठलं असेल तर लिहा. नाव नको, भाग आणि वय पुरे.

राजेंद्रनगर, ३४
दुसऱ्या बाळंतपणानंतर गर्भाशयात कॉपर टी बसवली. दहा वर्षं दिवस राहायची काळजी नाही, म्हणून. त्यानंतर पाळीत अंगावरून फार जायला लागलं. कॉपर टीने अनेकींना तसं होतं. दिवसाला सहा-सात पॅड लागायचे. नणंद म्हणाली, "वहिनी, केवढा हा कचरा! कप घ्या की." आणला. तिसऱ्या पाळीत कप ओढून काढताना ओटीपोटात अशी कळ आली की न्हाणीतच खाली बसले. चार दिवसांनी कॉपर टीचा दोरा बोटाला नेहमीपेक्षा लांब लागला. सोनोग्राफीत ती खाली सरकलेली दिसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कप काढण्याआधी बुडाशी चिमटीत दाबून पकड सोडवली होतीत का?" हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कप आत हवेच्या दाबाने घट्ट धरून बसतो. तसाच ओढला तर कॉपर टी त्याच्याबरोबर खाली येऊ शकते, आणि दोरा लांब असेल तर कप काढताना तोही चिमटीत सापडतो. आग्रह पाच-सहाजणींनी केला होता, पण "तुला कॉपर टी आहे का?" हे एकीनेही विचारलं नाही. बायांनो, कॉपर टी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

भंवरकुआँ, २१
कोचिंगसाठी पीजीत राहते. रूममेटच्या आग्रहाने कापडी पॅड घेतले. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, न्हाणीघर आठजणींत एक, आणि गच्चीवर घरमालकांची मुलं खेळतात. पॅड ओढणीखाली वाळत घालायचे. श्रावणात ते दोन-दोन दिवस दमट राहिले. जांघेत पुरळ उठून पिकलं, टेस्ट सिरीजला बसता येईना. ऊन आणि पाणी हाताशी असेल तर कापड छान आहे. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

रामबाग, ६९
सूनबाईने धागा वाचून दाखवला, म्हणून तिच्याकडूनच लिहून घेते. ती मागे एकदा म्हणाली होती, "आई, तुमचा काळ किती निसर्गाला धरून होता!" मला राग नाही आला, पण रात्रभर झोप नाही लागली. आम्ही जुन्या लुगड्याच्या घड्या घ्यायचो, कारण दुसरं काही विकत घ्यायची ऐपत नव्हती. धुऊन त्या वाड्याच्या मागे, हौदाआड, जिथे ऊन पोचत नाही अशा जागी वाळत घालायच्या, कारण त्या कुणाच्या नजरेस पडता कामा नयेत. वाळल्या की कडा लाकडासारख्या ताठ व्हायच्या. मांड्या सोलून निघायच्या, वर "बाहेरची" म्हणून बाजूला बसायचं. पहिल्यांदा पॅड वापरला तेव्हा वय छत्तीस होतं, आणि त्या दिवशी मी बाजारात चालत गेले. त्या कापडाचं कौतुक माझ्यापुढे नको.

विजयनगर, २९
मी चार वर्षं कपच वापरते आणि सुखात आहे. सरावायला चार महिने लागले. पण माझं उदाहरण देऊन दुसरीला लाजवू नका, एवढंच.

लोकमान्यनगर, ३८
योगवर्गात कळलं की गर्भनिरोधक गोळ्यांतली संप्रेरकं लघवीवाटे नदीत जातात आणि मासे बिघडतात. मला अपराधी वाटलं. गोळी सोडली, पाळीपासूनचे 'सुरक्षित' दिवस मोजायला लागले. माझी पाळी कधी सव्वीस दिवसांनी, कधी चाळीस. गोळी सोडल्यापासून सातव्या महिन्यात दिवस राहिले, गर्भपात करावा लागला. त्यातून उठल्यावर शांतपणे माहिती काढली. गोळीचा अंश पाण्यात जातो, हे खरं आहे. पण संप्रेरकं गोठ्यांतून आणि शेतांतूनही जातात, गरोदर बाईच्या लघवीतूनही जातात. आपली कान्ह नदी गटार झाली ती शहराचं सांडपाणी तिच्यात सोडल्यामुळे, माझ्या गोळ्यांमुळे नाही. त्या वर्गात पुरुषही होते. नसबंदीचा शब्द एकानेही काढला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांमध्ये बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आहे, पुरुषांची ०.३. आता मी डॉक्टरांना विचारून 'छाया' घेते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने (सीडीआरआय) शोधलेली ही बिनहार्मोनची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची असते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

(धागा काढणारी : मध्येच एक सांगते. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं होतं की पुन्हा वापरात येईल असा माल वापरता येतो का ते पाहा, नाहीतर प्रत्येक पॅडसोबत टाकायची पिशवी द्या. भिशीत कंपन्यांचा विषय कधी निघाल्याचं मला आठवत नाही. आमच्या कचऱ्याच्या गाडीवरची ताई फक्त एवढंच मागते, "कागजात बांधून, वेगळं द्या.")

वैशालीनगर, ४१
मुलगी बारा वर्षांची, पाळी सुरू होऊन पाचच महिने झालेत. शाळेत पर्यावरणाच्या तासाला मुलींना सांगितलं गेलं की एक पॅड शेकडो वर्षं कुजत नाही. त्या महिन्यात ती घरी आली तेव्हा स्कर्ट मागून भिजलेला, पाठीवरचं दप्तर खाली ओढून झाकलेला. सकाळी सातला लावलेला पॅड दुपारी तीनलाही तोच. रागावणार होते. तेवढ्यात म्हणाली, "आई, दिवसाला एकच वापरला तर कचरा कमी होतो ना गं?" मी तिला न्हाऊ घातलं. मग वर्तमानपत्राचे चौकोन कापून दप्तराच्या आतल्या खणात ठेवले, आणि त्यांच्यासोबत चार पॅड.