'आधी पंधरा वर्षं प्रॅक्टिस करा, मग पद मागा' हे कोणी ठरवलं?

प्रसूतीकक्ष (धागाकर्ती)

काल आपल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या एका माजी अध्यक्षांनी लिहिलं: "पद मागायचं नसतं. पंधरा वर्षं प्रॅक्टिस करा, कार्यकारिणीत बसा, सहसचिव व्हा, सचिव व्हा, लोक आपणहून अध्यक्ष करतील. एमडी होऊन दोन वर्षं झाली की उमेदवारी अर्ज भरणाऱ्यांनी जरा दम धरावा." त्याखाली ज्येष्ठांच्या टाळ्या. तिथे दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

सर, वयाचा हिशोब करा. एमबीबीएस, इंटर्नशिप, सरकारी सेवेचा बाँड, नीट पीजीच्या तयारीत गेलेला काळ, एमडी, पुन्हा बाँड. बाहेर पडताना तिशी उलटलेली असते. त्यावर तुमची पंधरा वर्षं आणि मग पदांची शिडी. म्हणजे अध्यक्ष पन्नाशीचाच असणार. तोवर त्याचं हॉस्पिटल उभं राहिलेलं असतं आणि रात्री कॅज्युअल्टीत दुसरा कोणीतरी असतो. आणि मार खातो तो हा दुसरा. २०१७ साली धुळ्यात ज्याला बेदम मारलं तो निवासी डॉक्टर होता. २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर कॉलेजात जिचा जीव गेला ती पीजीची विद्यार्थिनी होती. सुरक्षेचं निवेदन घेऊन कलेक्टर ऑफिसला जाणाऱ्यांत या वयाचं कोणी का नसतं?

दुसरं, माझं स्वतःचं. मला कार्यकारिणीत 'महिला प्रतिनिधी' म्हणून घेतात आणि पदग्रहण समारंभाचं सूत्रसंचालन देतात. खजिनदारपद मागितलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, बँकेच्या फेऱ्या असतात, तुम्हाला कशाला त्रास." मध्यरात्री एकटीने सीझर उरकून सकाळी ओपीडी लावणाऱ्या बाईला बँकेच्या फेऱ्या झेपणार नाहीत! अमेरिकन मेडिकल असोसिएशन १८४७ ची, तिला पहिली महिला अध्यक्ष १९९८ मध्ये मिळाली. रांगेच्या भरवशावर राहिलं की इतका वेळ लागतो.

मागणी साधी आहे. सचिव आणि खजिनदार ही दोन कामाची पदं, त्यातलं एक तरी पीजी होऊन दहा वर्षं न झालेल्या सभासदाकडे द्या. आणि 'सर्वानुमते' नावं ठरवणं बंद करून मतदान घ्या.

सर्जन, माजी सचिव

मॅडम, ज्या पोस्टवर तुम्ही चिडलात तिच्याखाली टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. अजूनही वाजवेन.

आमच्याकडे एका लहान नर्सिंग होममध्ये पेशंट गेला आणि जमाव आत घुसला. काचा, ईसीजी मशीन, रिसेप्शन, काही ठेवलं नाही. मी सचिव होतो. रात्री पोलीस ठाण्यात पोहोचलो तर साधी तक्रार लिहून बोळवण चालली होती. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याची प्रत माझ्या गाडीत असायची. दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, नुकसानीच्या दुप्पट भरपाई, हे पीआय साहेबांसमोर ओळीओळीने वाचलं, तेव्हा कुठे योग्य कलम लागलं. ही प्रत गाडीत ठेवायची असते हे मला कुणी शिकवलं? सहसचिव असताना ज्यांच्या मागे फाईल घेऊन फिरलो, त्या सरांनी. तुम्ही ज्याला रांग म्हणता ती ही उमेदवारी आहे. ती वगळून आलेला पोरगा त्या रात्री मोबाईलवर कायदा शोधत बसला असता आणि जमाव आयसीयूपर्यंत पोहोचला असता.

रात्रपाळी

सर, त्या नर्सिंग होममध्ये त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं? त्याचं वय किती होतं? तुमच्या गोष्टीत तो कुठेच नाही.

मी तसाच आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचा पगारी ड्यूटी डॉक्टर होतो, दुसऱ्या गावात. कॉलर धरून भिंतीवर आपटलं. पदाधिकारी आले, हॉस्पिटलच्या मालकांना भेटले, त्यांच्याबरोबर फोटो झाला, निघून गेले. माझा जबाब द्यायला मी एकटा गेलो. "तुम्हाला मार्ड आहे ना" असं पुढे कोणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. मार्ड निवासी डॉक्टरांची आहे. एमडीचा निकाल लागला की आम्ही तिथून बाहेर. त्यानंतर मोठ्या संघटनेत आम्ही फक्त वर्गणीपुरते सभासद.

ब्रिटनमध्ये बीएमएच्या (ब्रिटिश मेडिकल असोसिएशन) कौन्सिलवर २०२२ च्या निवडणुकीत तरुण डॉक्टर पॅनल करून निवडून आले. त्याच वर्षी एमा रन्सविक ही ज्युनिअर डॉक्टर कौन्सिलची उपाध्यक्ष झाली. पुढे संप झाले आणि २०२४ मध्ये दोन वर्षांची मिळून सरासरी २२.३ टक्के पगारवाढ पदरात पडली. हे त्यांनी पंधरा वर्षं दम धरून केलं नाही.

फिजिशियन, जिल्हा ठिकाण

बीएमएचं उदाहरण इथे लागू होत नाही. ती नोंदणीकृत कामगार संघटना आहे, एकाच मोठ्या मालकाशी, म्हणजे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेशी, पगारावर वाटाघाटी करते. आपल्या संघटना सोसायटी कायद्याखालच्या. आपल्यात मालक, नोकर, कॉर्पोरेटमधले कन्सल्टंट, सरकारी नोकरीतले, सगळे एकाच यादीत. आरएमओने कुणाविरुद्ध संप करायचा? त्याचा मालकच शाखेचा अध्यक्ष असतो.

रात्रपाळी

हेच तर मी म्हणतोय! मालकच अध्यक्ष असतो म्हणून माझ्या जबाबाला कोणी आलं नाही.

हिशोब द्या

पदं का हवी असतात यावर कोणी बोलतच नाही, म्हणून मी बोलतो. डिसेंबर २००९ मध्ये एमसीआयने, म्हणजे तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने, ६.८ चा नियम आणला, औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घ्यायचा नाही. २०१६ मध्ये त्याच नियमातून 'डॉक्टरांच्या संघटना' हे शब्द काढून टाकले. म्हणजे मी एकट्याने घेतलं तर गुन्हा, संघटनेने घेतलं तर प्रायोजकत्व. त्या दिवसापासून संघटनेच्या वैद्यकीय परिषदेचा (कॉन्फरन्सचा) आयोजन सचिव हे पद अध्यक्षापेक्षा वजनदार झालं. तरुण असो की म्हातारा, ज्याच्या हातात स्टॉलचे दर ठरवायचं काम येतं तो पुन्हा ते सोडत नाही. आधी गेल्या परिषदेचा जमाखर्च सभेपुढे ठेवा, मग वयावर भांडा.

सर्जन, माजी सचिव

परिषद प्रायोजकाशिवाय करून दाखवा. हॉल, वक्त्यांचा प्रवास, जेवण, सगळं सभासदांच्या खिशातून काढायचं म्हटलं तर प्रतिनिधी शुल्क तिप्पट होईल आणि सगळ्यात आधी ओरडतील ते हेच तरुण. डॉक्टर म्हणून नोंदणी टिकवायला एमएमसीला (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) पाच वर्षांत ३० क्रेडिट तास लागतात. ते कुठून आणणार? तालुक्याच्या डॉक्टरला ते शाखेच्या रविवारच्या सीएमईतूनच, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या व्याख्यानांतूनच मिळतात.

हिशोब द्या

मिळतात ना! सही करून चहा पिऊन निघून जाणाऱ्यालाही मिळतात. आमच्याकडे मधुमेहावरचं व्याख्यान होतं, दर दुसऱ्या स्लाईडवर एकाच कंपनीची गोळी. मी उठून विचारलं की मेटफॉर्मिन या नेहमीच्या गोळीपेक्षा हे कधी आणि कुणाला द्यायचं, तर अध्यक्षांनी "वेळ कमी आहे" म्हणून माईक काढून घेतला. ३० तासांतला एक तास असा भरला.

फिजिशियन, जिल्हा ठिकाण

२०२४ च्या यूसीपीएमपीनंतर, म्हणजे औषध कंपन्यांच्या विक्रीप्रचाराच्या आचारसंहितेनंतर, चित्र थोडं बदललंय. वक्ता नसलेल्या डॉक्टरला कंपनीने प्रवास-हॉटेल द्यायचं नाही, परदेशात सीएमई घ्यायची नाही, खर्च जाहीर करायचा. सगळेच विकले गेलेत असं सरसकट बोलू नका. मी तीन परिषदांचा वैज्ञानिक समितीप्रमुख होतो. वक्ते मी निवडले, कंपनीने नाही.

हिशोब द्या

तुम्ही निवडले असतील. पुढचा निवडेल याची खात्री कोण देणार? २००८ मध्ये आयएमएचं (इंडियन मेडिकल असोसिएशन) नाव ट्रॉपिकाना ज्यूस आणि क्वेकर ओट्सच्या प्रचारासाठी पेप्सिकोला दिलं गेलं, तेव्हा निर्णय घेणारे काय काल एमडी झालेली पोरं होती? सगळे शिडीवरून नीट एकेक पायरी चढून आलेले ज्येष्ठ होते. एमसीआयला कारवाई करावी लागली.

सर्जन, माजी सचिव

एका प्रकरणावरून सगळ्या पिढीला चोर ठरवता? पदावर असताना माझी शनिवारची ओपीडी बंद असायची. मुलीच्या दहावीच्या वर्षी मी घरी नव्हतो. कोर्टकचेऱ्या, नर्सिंग होम नोंदणीचे घोळ, पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदानविरोधी कायदा) फॉर्म एफमधल्या कारकुनी चुकांवरून सील झालेली सोनोग्राफी मशीन सोडवणं, हे सगळं कोणी केलं? इथे टोपणनावाने लिहिणाऱ्यांपैकी किती जण एका तरी एजीएमला, वार्षिक सभेला, आले होते, ते सांगा. कोरम भरत नाही म्हणून आम्ही अर्धा तास सभा तहकूब करून बसायचो.

प्रसूतीकक्ष

सर, मी येते. प्रत्येक एजीएमला येते. मागच्या वेळी पाणी कमी पडलं म्हणून मला सांगायला आलात, सचिवांना नाही.

आणि प्रायोजकांची चर्चा थांबवा असं मी म्हणत नाही, तो प्रश्न खरा आहे. पण धाग्याचा मुद्दा त्यात बुडतोय. मुद्दा जोडूनच घेऊ. खजिनदार दुसऱ्या पिढीचा असेल तर हिशोब आपोआप दोघांच्या नजरेखाली येतो. एकाच वर्तुळातले सचिव, खजिनदार, आयोजन सचिव आलटूनपालटून येत राहिले की प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही. अध्यक्षपद एका वर्षाचं. निम्मं वर्ष सत्कार आणि उद्घाटनात जातं. खरं काम सचिव-खजिनदारच करतात, म्हणून मी अध्यक्षपद मागितलंच नाही. ते घ्या तुम्ही ज्येष्ठतेने.

भूल

मॅडमशी सहमत, एक गोष्ट सोडून. राखीव जागा म्हणून पद दिलं की त्या पोराला 'कोट्यातला सचिव' म्हणतील आणि फाईली दाखवणार नाहीत. मी पस्तिशीत सचिव झाले होते, बिनविरोध, कारण त्या वर्षी कोणालाच नको होतं. चेकवर सही माझी, निर्णय अध्यक्षांच्या फार्महाऊसवर. इतिवृत्त मला तयार करून पाठवायचे. मी ते नाकारलं तर पुढच्या वर्षी माझं नाव पॅनलवर नव्हतं. पदापेक्षा निवडणूक महत्त्वाची. मतं मिळवून आलेल्याला फार्महाऊसवर बोलवत नाहीत, त्याच्याकडे यावं लागतं.

सर्जन, माजी सचिव

मतदान घेतलं की पॅनल पडतात, जातीवर पडतात, कॉलेजवर पडतात, आणि वर्षभर एकमेकांना रेफरन्स बंद. एका निवडणुकीनंतर दोन फिजिशियन एकमेकांच्या आयसीयूत पाय ठेवत नव्हते, हाल पेशंटचे. 'सर्वानुमते'ची पद्धत त्या अनुभवातून आली आहे, कारस्थानातून नाही.

पण खजिनदारपदाबाबत... ठीक. तुम्हाला ते उत्तर ज्याने दिलं त्याने चुकीचं दिलं. बँकेची कामं आता फोनवर होतात, त्यात बाई-पुरुष काय. घटनादुरुस्ती मांडायची तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि दोन तृतीयांश बहुमत लागतं. मसुदा करा, भाषा मी बघून देतो. मत मात्र विरोधातच देणार.

रात्रपाळी

आणि मारहाण झाली तर जबाबाच्या वेळी पदाधिकाऱ्याने ठाण्यात हजर राहायचं, मार खाणारा मालक असो की नोकर. तेही त्याच मसुद्यात घाला. त्याला तरी विरोध करू नका.

सर्जन, माजी सचिव

त्याला नाही करणार.

हिशोब द्या

परिषदेचा जमाखर्च अजून कोणीच टाकलेला नाही. तो कलम तीन म्हणून घाला: दरवर्षी, प्रायोजकांच्या नावासकट, सभेच्या आधी सगळ्या सभासदांना.

प्रसूतीकक्ष

घालते. मसुदा रविवारी इथेच टाकेन. सूचक मी. अनुमोदक कोण होणार, ते खऱ्या नावाने कळवा.