पुराची मॉडेल्स वेबवर टाकून एकमेकांना जोडायला हवीत का?

पवईचा_पाऊस:
मुंबईच्या पुरावर आजवर किती सिम्युलेशन मॉडेल्स झाली असतील, एमटेकचे प्रोजेक्ट, पीएचडी, कन्सल्टंटची कामं, आणि तरी प्रत्येक नवा माणूस शून्यापासून नाले डिजिटाइझ करत बसतो. मिठी नदीचं मॉडेल एकाच्या लॅपटॉपवर, भरतीचं दुसऱ्याकडे, गटारांचं तिसऱ्याकडे. पाणी असं वाटण्या करून येत नाही हो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस, त्याच दिवशी कुलाब्याला ७५ च्या आत, आणि दुपारी ४.४८ मीटरची भरती. नुसतं गटाराचं मॉडेल हे कसं सांगणार? आउटफॉलच्या, म्हणजे गटार समुद्रात उघडतं त्या जागेच्या, तोंडाशी समुद्र किती चढलाय हे त्याला बाहेरूनच कळायला हवं.

म्हणून माझं ठाम मत, नुसता पेपर छापू नका, मॉडेल वेबवर चालू ठेवा. दुसऱ्या मॉडेलनं विचारलं की अमुक जागी अमुक वेळेला पातळी किती, की त्यानं उत्तर द्यावं. ओपनएमआय ही मॉडेल्स जोडायची पद्धत नेमकी यासाठीच आहे, युरोपातल्या पाण्याच्या मॉडेलवाल्यांनी सुरू केलेली, २०१४ ला ओजीसी या भौगोलिक माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं स्टँडर्ड म्हणून घेतली. बीएमआय (बेसिक मॉडेल इंटरफेस) ही तशीच दुसरी पद्धत तर अजून सोपी आहे, मुख्य कामं एवढीच: सुरू हो, एक स्टेप पुढे जा, व्हॅल्यू दे, व्हॅल्यू घे, बंद हो. अशी मुख्य चार-पाच फंक्शन्स लिहायला कोणाची हरकत असावी?

दादर_टीटी:
शेअर करण्याला पूर्ण पाठिंबा, जोडण्याला विरोध. कारण सांगतो. तुमचे ते ४.४८ मीटर चार्ट डेटमवरून मोजलेले आहेत (डेटम म्हणजे उंची मोजायची शून्य पातळी, चार्ट डेटम ही समुद्राच्या नकाशांची). मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे, म्हणजे जमिनीच्या नकाशाच्या हिशोबानं ती भरती दोन मीटरच्या आसपास. पालिकेच्या ड्रेनेजच्या ड्रॉइंगवर तिसराच, टाऊन हॉल डेटम. आता तुमचं गटाराचं मॉडेल वेबवरून ४.४८ उचलणार, एरर येणार नाही, रन सुरळीत संपणार आणि नकाशावर अर्धं परळ बुडालेलं दिसणार. फाईल हातात घेतली तर माणूस निदान उघडून बघतो तरी. आपोआप जोडलेल्याकडे कोणी बघत नाही, हीच मला भीती आहे.

पवईचा_पाऊस:
पण हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा झाला! डेटम आज कुणाच्या तरी डोक्यात असतो आणि तो माणूस नोकरी सोडून गेला की संपलं. जोडायचं म्हटलं की युनिट, डेटम, टाइमस्टेप लिहूनच द्यावं लागतं, त्याशिवाय जोडणी नाकारायची, इतकं कडक ठेवा. आणि जोडलेली सिस्टिम मुंबईत आहेच की, आयफ्लोज ही पुराच्या इशाऱ्याची सिस्टिम, जून २०२० पासून, सात मॉड्यूल्स आहेत तिच्यात.

दादर_टीटी:
आहे, पण ती ठरवून एकत्र बांधलेली सिस्टिम आहे. सगळ्यांनी एका टेबलावर बसून गृहीतकं जुळवणं वेगळं आणि अनोळखी माणसाचं मॉडेल यूआरएलवरून ओढणं वेगळं. जुन्या ड्रेनेजची क्षमता ताशी २५ मिमी धरलेली, ब्रिमस्टोवॅड या पालिकेच्या ड्रेनेज सुधारणा प्रकल्पात ५०. कोणी कुठला आकडा धरलाय हे तुमच्या पाच फंक्शनमध्ये कुठे दिसतं?

विदुला_ठाणे:
मी तिसरंच बोलते. मॉडेल उघडं केलं की एखाद्या रनचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरणार, "उद्या हिंदमाता सहा फूट पाण्यात", आणि लोक मुलांना शाळेतून आणायला धावणार. त्याची जबाबदारी कोणाची? मॉडेल लिहिणाऱ्याची, भरती देणाऱ्याची, की जोडणाऱ्याची? हे ठरल्याशिवाय जिवंत सर्व्हिस उघडू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कोड_उघडा:
विदुलाताई, भीती खरी आहे पण झाकून ठेवल्यानं ती कमी होत नाही. २०२० मध्ये इम्पिरियल कॉलेजचं कोविडचं मॉडेल गिटहब या कोड शेअर करायच्या साइटवर आलं तेव्हा कोडवर केवढी टीका झाली, पण कोड समोर होता म्हणूनच बाहेरच्या माणसाला ते चालवून रिपोर्टमधले आकडे पडताळता आले. बंद असतं तर नुसतंच भांडण झालं असतं. अंदाज म्हणून जाहीर करायचं ते हवामान खात्यानं आणि पालिकेनं करावं, आपण जुन्या पावसांवर चालणारी मॉडेल्स उघडू. आणि दादरकर म्हणतात तो धोका खरा आहे, म्हणून प्रत्येक मॉडेलची व्हर्जन गोठवून कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरसकट एका पॅकेजमध्ये, ठेवा, नाहीतर भरतीवाल्यानं मध्येच काही बदललं तर मागच्या महिन्याचा रन आज वेगळं उत्तर देईल आणि कोणाला कारण सापडणार नाही.

दादर_टीटी:
जुन्या पावसांपुरतं असेल तर मी एक पाऊल पुढे येतो. पण सगळी मुंबई नको. वरळीचं लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशन घ्या, एकच आउटफॉल, एक एसडब्ल्यूएमएम (गटारांचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) मॉडेल, एक भरतीचं, आणि माहिती एकाच दिशेनं, समुद्राकडून गटाराकडे. पंप कधी सुरू झाले ती नोंद मिळाली तरच उत्तर बरोबर की चूक ते कळेल, आणि ती नोंद मिळवणं हे कोडपेक्षा जड काम आहे, ते कोण अंगावर घेतंय ते आधी सांगा.

पवईचा_पाऊस:
नोंदींसाठी माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकतो. डेटमचा तक्ता तुम्ही लिहून द्या, तिन्ही डेटममधले फरक एका जागी, तो या धाग्यात वरच लावू.

विदुला_ठाणे:
जबाबदारीचा प्रश्न मी सोडलेला नाही. आउटपुटच्या प्रत्येक नकाशावर पावसाची तारीख आणि "हा अंदाज नाही" हे छापलेलं असेल, क्रॉप करून काढता येणार नाही अशा जागी, तरच माझा होकार.