अनुभव धागा : मुलाबाळांकडे कायमचं जाताना काढलेल्या झेरॉक्सांच्या गोष्टी

सुलभा_होटगीरोड
आज नव्या पेठेत झेरॉक्स काढायला थांबले होते. पुढे एक आजोबा दुकानदाराला समजावत होते, "लग्न झालंय हो, दाखला तेवढा नाही." मुलगी टेक्सासला, तिनं दोघांसाठी अर्ज भरलाय. मला आमचं २०१७ आठवलं.

भाऊ न्यू जर्सीत, नागरिक झाल्यावर आईबाबांसाठी आय-१३० (नातेवाइकांना कायमचं बोलावण्याचा अमेरिकेचा अर्ज) भरायला बसला. आईसाठी त्याचा जन्मदाखला, ज्यावर आईचं नाव हवं, आणि त्याच्या नागरिकत्वाचा पुरावा. बाबांसाठी याच्या जोडीला आईबाबांच्या लग्नाचा दाखला. ऐकायला एवढंसंच.

भावाच्या जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा. आईचं नाव तिथं 'कमल', पासपोर्टवर 'कमलाबाई' आणि शाळेच्या दाखल्यावर 'इंदुमती', कारण लग्नात नाव बदललेलं. आडनाव तर बदललेलंच. आई म्हणायची, "मी याची आई हे आता याच्याच कागदांनी ठरवायचं का गं?"

लग्न १९७४ ला मोहोळला, मांडवात. नोंदणीची तेव्हा कुणाला पडली होती! मग दोघांनी सत्तरीच्या आसपास जाऊन विवाह नोंदणी केली. साक्षीदार म्हणून मामा काठी टेकत आले. लग्नातला फोटो मागितला तर एकुलत्या एका फोटोत मुंडावळ्यांच्या आड दोघांचेही चेहरे गायब. शेवटी मामाच्या ट्रंकेत लग्नपत्रिका सापडली. तिच्यावर 'चि. सौ. कां. इंदुमती' आणि समोर बाबांचं पूर्ण नाव. इंदुमती आणि कमल एकच, हे सांगणारा जुना कागद तो एवढाच. बाकी मग प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र.

तुमच्याकडे काय काय झालं? लिहा. अमेरिकाच पाहिजे असं नाही.

पेठेतला_पम्या
पहिला प्रश्न. १ जून किती जणांचा?

रेवती_जुळेसोलापूर
सासरे. चुलतसासरे. आत्तेसासूबाई. सगळे १ जून. गुरुजींची कृपा.

पेठेतला_पम्या
आमच्याकडे त्यावर कडी. काकांनी अमेरिकेतून बाबांसाठी भरलं (भावंडांचा गट, एफ-४). त्यात दोघा भावांचे जन्मदाखले लागतात, आईबापापैकी एक तरी समान दिसायला पाहिजे. दाखले नव्हतेच, शाळेचे होते. एक १ जून १९५२, दुसरा १ जून १९५३. बरोबर एक वर्ष! आणि अर्ज भरून देणाऱ्या एजंटनं ०१/०६ लिहिलं. तिकडं महिना आधी लिहितात, म्हणजे झाली ६ जानेवारी. शाळेच्या दाखल्यावर जून, अर्जावर जानेवारी. तिकडून पत्र आलं, खुलासा करा. काका फोनवर बाबांना म्हणाले, "तू नक्की कधी जन्मलास बे?" बाबा म्हणाले, आईला विचार. आजी जाऊन वीस वर्षं झालेली.

सुलभा_होटगीरोड
😂😂 मग?

पेठेतला_पम्या
खुलासा गेला. आता नंबराची वाट बघायलाव. भारताची एफ-४ ची रांग पंधरा वर्षांच्या वर आहे. अर्ज २००८ चा. तेव्हा मी दहावीत होतो. २१ च्या पुढं गेलेल्या पोरांना आईबापाच्या अर्जात जागा नाही, म्हणजे आईबाबांचा नंबर लागला तरी मी इथंच. चालतंय की, पार्क चौकातली भेळ आहे.

निवृत्त_कारकून
सुलभाताई, कोऱ्या नावाचे दाखले फार आहेत. नोंद बाळ जन्मल्यावर लगेच होई, बारसं नंतर. नाव घालून घ्यायला पुन्हा कुणी जात नसे. शाळेचा दाखला जोडून मुदतीत अर्ज केला की नाव चढवून मिळतं (सध्या मुदत आहे का ते विचारून घ्या), पण ज्या ठिकाणी जन्म नोंदला तिथंच जावं लागतं. माहेरच्या बाळंतपणामुळे निम्म्या लोकांचे दाखले आईच्या गावाला असतात, हे मुलांना माहीतच नसतं.

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या खेड्यातल्या नोंदी कोतवाल बुकात. ती बुकं आता तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, रीतसर अर्ज केला की नक्कल देतात. पण त्यातही बहुधा 'अमुकला मुलगा' एवढंच. काहीच न सापडल्यास "नोंद आढळून येत नाही" असा दाखला मागून घ्यावा. लोक तो घेत नाहीत, हात हलवत परत येतात. खरं तर तोच कामाचा. तो, शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, असा संच करतात.

माधुरी_आत्या
जन्माची माहिती असलेले वडीलधारे कुठून आणायचे हो काका, माझे आईवडीलच ८० चे आहेत.

निवृत्त_कारकून
आईवडील नसतील तर जन्माच्या वेळी हयात असलेला, वयानं मोठा जवळचा नातेवाईक लागतो, आणि त्याला ही माहिती कशी झाली ते लिहावं लागतं. वकिलाला विचारून घ्या.

श्रीनिवास_पूर्वभाग
आमचं तेलुगू घर, आडनाव आधी मग नाव. दाखल्यावर एक क्रम, रेशनकार्डावर दुसरा, पासपोर्टवर तिसरा. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक हेडमास्तरांनी आपापल्या मनानं केलेलं. ताईनं आईसाठी भरताना वहीत रेघा आखून तक्ता केला. कुठल्या कागदावर कोणतं नाव, कोणती तारीख. त्यावरूनच एकच प्रतिज्ञापत्र, सगळी नावं एकत्र घातलेली. वेगवेगळ्या नावांची वेगवेगळी करायला निघालो होतो, नोटरींनीच थांबवलं.

आणि मुद्रांक! शंभरचा आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा.

रेवती_जुळेसोलापूर
सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला लागत नाही म्हणे?

श्रीनिवास_पूर्वभाग
परदेशातल्या सरकारचं काम आपल्या सरकारचं धरायचं का, यावर आमच्याच गल्लीत दोन तट आहेत. आम्ही पाचशेचा लावून मोकळे.

कॅलगरीची_सून
घाईत लिहितेय, पोळ्या तव्यावर.
माझं कॅनडाचं, नवऱ्यानं स्पॉन्सर केलेलं. तिथं लग्न खरं आहे हे दाखवायचं असतं. आमचं ठरवून झालेलं. बघायचा कार्यक्रम, साखरपुडा, महिन्याभरात लग्न, तो परत कॅलगरीला. एकत्र असे फोटो कुठले? साखरपुड्यात आमच्यामध्ये दोन्हीकडच्या आत्या. मग चॅट द्यायचे ठरले. मराठी मजकुराचं भाषांतर लागतं आणि ते घरच्यांनी केलेलं चालत नाही, नाहीतर माझी बहीण एमए इंग्लिश घरात होती. सात रस्त्याजवळ एक काका भाषांतर करून द्यायचे. त्यांच्यासमोर बसून आमचे चॅट. काका चष्मा वर करून वाचतायत, मधेच हसतायत. मी खुर्चीत बसू की जमिनीत जाऊ असं झालेलं. वर म्हणतात, "जावई चांगले आहेत हो, रोज जेवलात का विचारतात."

सुलभा_होटगीरोड
🤣 काकांनी पैसे कमी घेतले का मग?

कॅलगरीची_सून
छे. पानावर हिशोब. आणि नवरा प्रत्येक वाक्यानंतर तीन ओळी ठिपके टाकणारा. पानं वाढली!!

विनायक_डॅलस
भाषांतराचं अमेरिकेकडं थोडं वेगळं आहे. भाषांतर करणाऱ्यानं 'हे पूर्ण आणि अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात' असं सही करून द्यावं लागतं. शिक्का, गोल मोहोर, मार्जिनमधलं हस्ताक्षर, सगळं भाषांतरात यायला पाहिजे. लोक मुख्य मजकूर करतात, मागची बाजू सोडतात. झेरॉक्ससुद्धा दोन्ही बाजूंची काढा. पासपोर्टचं शेवटचं पान विसरू नका, आईवडिलांची आणि जोडीदाराची नावं तिथंच असतात.

दुसरं, आय-८६४, म्हणजे येणाऱ्यांचा खर्च उचलायची स्पॉन्सरची हमी. स्पॉन्सर करणाऱ्याचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी पाहिजे, आणि घरातली माणसं मोजताना येणाऱ्या आईबाबांनाही धरायचं. माझं नवीन काम होतं, कमी पडलं. मेहुण्यानं जोड-प्रायोजक म्हणून सही केली. अजून दर दिवाळीला आठवण करून देतो.

माधुरी_आत्या
मेहुणेच ते!

अंबाबाईचा_गोंधळी
आमचं आजोळ तुळजापूर. १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख, सोलापूरपासून एवढ्याशा अंतरावर पण कागद वेगळेच. आजोबांचा शाळेचा उतारा उर्दूत. घरात कुणाला वाचता येईना. आमच्या समोरच्या चाळीतले निवृत्त उर्दू शिक्षक एका संध्याकाळी आले, चहा घेतला आणि वाचून दाखवलं. आजोबांच्या वडिलांचा व्यवसाय, गाव, हजेरी, सगळं. मावशीच्या ऑस्ट्रेलियाच्या फाइलीत यातलं काहीच लागलं नाही, त्यांना फक्त तारीख हवी होती. पण आमच्या घरात सगळ्यांनी त्याचे फोटो काढून ठेवलेत.

रेवती_जुळेसोलापूर
किती छान. आमच्याकडे मोडीतले आहेत, तसेच पडून.

पेठेतला_पम्या
झेरॉक्सवाल्यांचा विषय निघाला म्हणून. आमच्या दुकानदारानं प्रेमानं सगळ्या फाइलीला स्पायरल बाइंडिंग करून दिलं, वर निळं प्लास्टिक. कॉलेजचा प्रोजेक्टच जणू. काका तिकडून ओरडले, बाइंडिंग नको, पिना नकोत, प्लास्टिकची पाकिटंही नकोत, सुटी पानं पाठव. परत सगळं उसवलं. भोकं पडली ती पडलीच.

माधुरी_आत्या
मुलाखतीला मूळ प्रती नेतात ना? कुठं असते?

विनायक_डॅलस
हो, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. मुंबईला, बीकेसीतल्या वकिलातीत. त्याआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडं मेडिकल. मोबाइल आत नेता येत नाही, बाहेर कुणाकडं तरी ठेवायची सोय करून जा.

सुलभा_होटगीरोड
आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गेलो होतो. आईनं फाइल रात्रभर उशाखाली घेतली आणि चटणीचा डबा बाबांच्या उशाखाली. आत खिडकीवर फक्त एवढंच विचारलं, मुलगा काय करतो, कुठं राहणार. पत्रिका कुणी बघितलीही नाही!

रेवती_जुळेसोलापूर
शेंगा चटणी नेता येते का विमानात? म्हणजे जाताना.

कॅलगरीची_सून
मोठ्या बॅगेत, नीट सीलबंद. विचारलं तर खरं सांगायचं. मी दरवेळी आणते. कडक भाकरी मात्र चुरा होऊन पोचते.

माधुरी_आत्या
एक अडचण आहे कुणीतरी सांगा. माझ्या यांनी सगळे दाखले लॅमिनेट करून ठेवलेत 😭

निवृत्त_कारकून
इस्त्री फिरवू नका! शाई उठते. दाखला नव्यानं काढून घ्या, जन्माचा असो वा शाळेचा, दुय्यम प्रत मिळते. अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी प्रमाणीकरण) लागणार असेल तर लॅमिनेट केलेला घेत नाहीत.

माधुरी_आत्या
इस्त्री झालीय एकावर.

पेठेतला_पम्या
कुणाच्या?

माधुरी_आत्या
यांच्याच. १ जूनवाल्या.